जुनी फोटोप्लेट हाती लागली तर साइझ कशी ओळखायची

चोर बाजारात मटण स्ट्रीटला काचेच्या निगेटिव्हचा गठ्ठा मिळाला, किंवा गिरगावातली चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला, तर सगळ्यात आधी पट्टी घ्या. चेहरा कोणाचा, साल कुठलं, ते सगळं नंतर बघू. तेव्हा एनलार्ज करणं सोपं नव्हतं, निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून प्रिंट काढायचे, म्हणजे जेवढी प्लेट तेवढाच फोटो आणि मोठा फोटो हवा तर कॅमेराच मोठा लागायचा. म्हणून माप कळलं की कॅमेरा कोणता असेल याचाही अंदाज येतो.

माप इंचातच घ्या. फुल प्लेट 6.5 बाय 8.5, बाकीची नावं हिच्यावरूनच आलीत. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की क्वार्टर, 3.25 बाय 4.25. लांब बाजूचे तीन आणि आखूडचे दोन भाग केले की सिक्स्थ, साधारण 2.75 बाय 3.25, जुन्या डॅगेरोटाइप (चांदीचा थर दिलेल्या पत्र्यावरचा फोटो) पोर्ट्रेटमध्ये ही खूप दिसते. नाइन्थ 2 बाय 2.5. गोंधळ होतो तो हाफ प्लेटमध्ये, अमेरिकन डॅगेरोटाइपची हाफ 4.25 बाय 5.5 आणि ब्रिटिश हाफ 4.75 बाय 6.5. आपल्याकडच्या काचा बहुतेक ब्रिटिश मापाच्या, त्यामुळे 4.75 मिळालं तर दचकू नका.

प्लेट फ्रेममध्ये किंवा केसमध्ये असेल तर मॅटखाली, म्हणजे फोटोभोवतीच्या चौकटीखाली, कडा लपलेल्या असतात, दिसतो त्या भागापेक्षा प्लेट थोडी मोठी असणार. पण उघडू नका प्लीज.

आता मटेरियल. आरशासारखी चकाकते आणि तिरकी केली की कधी पॉझिटिव्ह कधी निगेटिव्ह दिसते ती डॅगेरोटाइप, ही पद्धत 1839 ची, चांदीचा थर दिलेलं तांबं. पातळ लोखंडी पत्रा असेल तर टिनटाइप, मागच्या बाजूने चुंबक जवळ नेला की ओढ जाणवते. काच असेल तर कोपरे नीट बघा, मला हेच सगळ्यात आवडतं. 1851 नंतरच्या वेट प्लेटवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव हाताने ओतायचे, काच फिरवत चारही कोपऱ्यांपर्यंत न्यायचे, त्यामुळे कडेला जाड पातळ थर, एखादा कोपरा कोराच जिथे बोटाने धरलेली असते. आणि हे सगळं ओलं असतानाच फोटो काढून धुवायचा! मुंबईच्या उन्हात ते किती लवकर वाळत असेल विचार करा, तरी 1854 मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली आणि डॉ. भाऊ दाजींचे भाऊ नारायण दाजी पण त्या काळात फोटो काढायचे. थर एकसारखा आणि कडा सरळ असतील तर बहुतेक फॅक्टरीतली ड्राय प्लेट, म्हणजे 1871 नंतरची.

धरताना फक्त कडांना धरा. काचेची चमक नसलेली बाजू म्हणजे इमल्शन, फोटोचा थर, त्याला पाणी, कोलीन, रुमाल काहीच नको. डॅगेरोटाइप तर कोरड्या कापसानेही पुसू नका, ओरखडा गेला की गेला, परत येत नाही. पावसाळ्यात दमट हवेने इमल्शन फुगतं आणि सुटतं, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, प्रत्येक प्लेट वेगळ्या कागदी पाकिटात घाला, लांब कडेवर उभी ठेवा आणि डब्यात सिलिका जेल टाका. पाकिटावर साइझ आणि मटेरियल पेन्सिलने लिहा, पण प्लेट आत टाकायच्या आधी, नाहीतर दाब सरळ काचेवर पडतो.