जुना ॲम्प्लिफायर उघडताना

माझा पहिला ॲम्प्लिफायर मी दुरुस्त केला नाही, बिघडवला. १९७०च्या दशकातला, ॲल्युमिनियमच्या चकचकीत दर्शनी पट्टीचा, उचलताना कंबर सांभाळावी लागेल एवढा जड. तक्रार इतकीच होती, की डावा स्पीकर अधूनमधून मुका व्हायचा आणि टेबलाला धक्का लागला की पुन्हा बोलायला लागायचा. जुन्या यंत्रांतले कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वाळतात, एवढं ज्ञान मला होतं. त्या जोरावर दोन रविवार खर्चून मी एकूण एक कंडेन्सर बदलले. एक उलटा बसला, बोर्डावरची तांब्याची पट्टी दोन ठिकाणी उखडली, आणि डावा स्पीकर होता तसाच. बिघाड निघाला टेप मॉनिटरच्या, म्हणजे टेपरेकॉर्डरवरचा आवाज ऐकण्यासाठीच्या, बटणात. ते बटण वर्षानुवर्षं कुणी दाबलेलंच नव्हतं, त्यामुळे आतले संपर्क काळे पडले होते. नुसतं वीसेक वेळा दाबून सोडलं असतं, तरी कळलं असतं.

तेव्हापासून मी स्वतःला एक अट घातली आहे. बिघाड कुठे आहे हे बोट ठेवून दाखवता येत नाही, तोवर सोल्डरिंग आयर्न तापवायचं नाही. नवीन माणसाला यापेक्षा मोठं काही शिकायचं नसतं; बाकीचं हाताला सवयीने येतं.

अर्थात, शिकण्यासाठी जिवंत राहायला हवं. मेन्सची पिन काढली म्हणजे यंत्र मेलं असं नाही. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, आणि व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेल्या, ॲम्प्लिफायरमध्ये ती ३०० ते ४५० व्होल्टपर्यंत असू शकते. दोन-तीन किलोओहमचा, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी लावून ती उतरवायची, मग मीटरने खात्री करायची, आणि मगच आत हात घालायचा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करणारे बहाद्दर भेटतील, त्यांचं अनुकरण नको. व्हॉल्व्हचं यंत्र पहिल्या वर्षी उघडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरीवर चालणारा कॅसेट प्लेअर घ्या. तो बिघडला तर बिघडला, तुम्ही शाबूत राहाल.

दुसरी गोष्ट म्हणजे सिरीज बल्ब. जुना तारेचा ६० किंवा १०० वॉटचा बल्ब मेन्सच्या वाटेत यंत्राच्या सिरीजमध्ये जोडायचा. यंत्र चालू करताच बल्ब क्षणभर पेटून मंद झाला, तर ठीक. प्रखर पेटून तसाच राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी करंट बल्ब अडवून धरतो आणि तुमचे ट्रान्झिस्टर वाचतात. एलईडी बल्ब यासाठी चालत नाही.

आता शोधाशोध. स्टीरिओ यंत्राची एक मोठी कृपा अशी, की त्यात एकाच सर्किटच्या दोन प्रती असतात. एक बिघडली तर दुसरी उत्तरपत्रिका म्हणून शेजारीच उभी असते. डावा स्पीकर मुका आहे? ॲम्प्लिफायर बंद करून मागच्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा. तरीही तोच स्पीकर मुका राहिला, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या तारेचा. आता उजवा मुका झाला, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्याही आधी. मग इनपुटच्या डाव्या-उजव्या पिना बदलून पाहा. शांतता बाजू बदलून गेली, तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे, केबल किंवा प्लेअर तपासा. अशा दोन अदलाबदलींत, झाकणाचा एकही स्क्रू न काढता, निम्मा तपास होतो. आत शिरल्यावरही रीत तीच. दोन्ही चॅनलमधल्या सारख्या जागांवरचे व्होल्टेज मोजत जायचं आणि आकडे जिथे वेगळे दिसतात तिथे थांबायचं. सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर उत्तमच, पण अनेकदा त्याच्यावाचूनही भागतं.

आवाजही बरंच सांगतो. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल, तर बहुतेक वेळा पॉटमध्ये, म्हणजे त्या खुंटीमागच्या बदलत्या रेझिस्टरमध्ये, धूळ किंवा गंज असतो. तिथे संपर्क साफ करायचाच स्प्रे मारावा; दाराच्या बिजागरीला मारतात तो नाही, त्याचा चिकट थर मागे राहतो. साफ करूनही खरखर परत येत असेल, तर आधीच्या, फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणाऱ्या कपलिंग कंडेन्सरमधून डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, झिरपत असण्याची शक्यता आहे. गुणगुण ऐकू येत असेल, तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही ती राहिली, तर तिचा उगम व्हॉल्यूमच्या पुढे आहे. ५० हर्ट्झच्या विजेवर फिल्टर कंडेन्सर थकला की १०० हर्ट्झची गुणगुण येते, आणि अर्थिंग किंवा शील्ड तुटलेली असेल तर ५०ची, म्हणजे बरोबर एक सप्तक खालची. गाणं शिकलेल्यांना हा फरक मीटरवाल्यांच्या आधी कळतो, हे मी पाहिलं आहे.

स्पीकर जोडण्याआधी आउटपुटवरचा डीसी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल, तर काळजी नाही. २०-३० व्होल्ट दिसले, तर बहुधा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो, आणि स्पीकर जोडताच त्याची व्हॉइस कॉइल जळते. हा ट्रान्झिस्टर एकटा मरत नाही. जाताना त्याला चालवणाऱ्या ड्रायव्हर ट्रान्झिस्टरला आणि एमिटर रेझिस्टरलाही बरोबर नेतो. फक्त आउटपुट बदलून यंत्र सुरू केलं, तर नवाही त्याच क्षणी जातो. ‘२एन३०५५’सारख्या नावाजलेल्या ट्रान्झिस्टरच्या बनावट प्रती इतक्या फिरतात, की नवा भाग म्हणजे चांगला भाग हेही गृहीत धरता येत नाही.

कॅसेट डेकमधले बिघाड बहुतेक यांत्रिक. रबरी पट्टे वितळून डांबरासारखे होतात, आणि ते काळं चिकट हातावरून पुढे शर्टावर, शर्टावरून सोफ्यावर जातं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि संयम, एवढाच उपाय.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. १९६०च्या दशकातल्या युरोपीय रेडिओंत एएफ ११४ ते एएफ ११७ या मालिकेतले जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या धातूच्या टोपीच्या आत काळाच्या ओघात कथिलाचे केसासारखे तंतू उगवतात आणि आतल्या जोडण्यांना टेकून शॉर्ट करतात. या ट्रान्झिस्टरला चार पाय असतात, त्यातला एक टोपीला जोडलेला. तो कापला, की पुष्कळदा मुका रेडिओ बोलू लागतो. पहिल्यांदा हे करताना माझा हात थरथरत होता. एक पाय तोडून यंत्र बरं होतं, यावर तोवर माझा विश्वास नव्हता.

सध्या टेबलावर असलेला ॲम्प्लिफायर वीस मिनिटं छान वाजतो, मग डाव्या बाजूला चटचट सुरू होते. प्लास्टिकच्या काडीने सोल्डरचे सगळे डाग टोकून पाहिले, काही हललं नाही. मग थंड करणारा स्प्रे एकेका ट्रान्झिस्टरवर मारत गेले, आणि प्रीॲम्पमधल्या, म्हणजे सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागातल्या, एकावर मारताच चटचट थांबली. जुने ‘२एससी४५८’ अशा आवाजासाठी बदनामच आहेत, तरी लगेच बदलला नाही. काढला आणि उजव्या चॅनलमधल्या त्याच्या जोडीदाराच्या जागी लावला, जोडीदार डावीकडे. चालू करून चहा ठेवला. वीस मिनिटांनी चटचट आली, उजवीकडून.