जुन्या गाडीचे हेडलाइट मंद झालेत? मोठा बल्ब आणण्याआधी मीटर लावा

गाडी दहा-पंधरा वर्षांची झाली आणि रात्री समोरचं नीट दिसेनासं झालं की बरेच जण सरळ दुकानात जाऊन १००/९० वॅटचे बल्ब घेऊन येतात. चार दिवस बरं वाटतं, मग होल्डर वितळल्याचा वास येऊ लागतो. शिवाय असे बल्ब रस्त्यावर वापरणं बेकायदा आहे. खरं तर मूळचा ६०/५५ वॅटचा एच४ हॅलोजन पुरेसा असतो. मात्र त्याच्यापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, किंवा त्याचा उजेड काचेतून बाहेर पडत नाही. मुंबईत दोन्ही कारणं सर्रास सापडतात: खारी, दमट हवा जोडण्या खाते आणि सोसायटीत जागा नसल्यामुळे रस्त्याकडेला उन्हात उभ्या गाडीच्या हेडलाइटची काच पिवळी पडते.

आधी लक्षण बघा

एकच दिवा मंद असेल तर दोष त्या बाजूचा बल्ब, होल्डर किंवा अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) यांच्यात आहे. दोन्ही मंद असतील आणि रेस दिल्यावर उजळत असतील, तर संशय अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनित्र), त्याचा पट्टा आणि बॅटरीवर घ्या. दोन्ही कायमच मंद, रेस देऊनही फरक नाही, तर वायरिंग किंवा काच. खड्ड्यात आपटल्यावर लुकलुकत असतील तर जोडणी ढिली आहे.

एक खूण मात्र हमखास चुगली करते. लो बीम लावलेला असताना डॅशबोर्डवरचा हाय बीमचा निळा दिवा अंधुक पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की त्या बाजूचा हेडलाइट तालात मंद होतो. अशा वेळी अर्थिंग गेलंय असं समजा. करंटला परतीची वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्या फिलामेंटमधून आडवाटेने फिरतो.

बल्ब आणि होल्डर

दिवे बंद करून दहा मिनिटं थांबा, हॅलोजन चांगलाच भाजतो. मागचा रबरी बूट काढा, स्प्रिंग क्लिप सोडवा, बल्ब बाहेर घ्या. काच आतून काळपट झाली असेल तर बल्बचं आयुष्य संपत आलंय. दुधी पांढरी दिसत असेल तर आत हवा शिरली आहे. बदलताना दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदला. नव्याच्या काचेला बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा तापून तिथेच काच फुटते. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा.

होल्डरच्या पिना नीट बघा. तपकिरी झालेलं प्लास्टिक, निळसर पडलेली पितळी पट्टी किंवा हिरवा गंज दिसला तर घासत बसू नका. सिरॅमिकचा एच४ होल्डर स्वस्तात मिळतो, तो क्रिंप करून (वायरवर टर्मिनल पकडीने दाबून) बसवा.

आता मीटर

लॅमिंग्टन रोडवर काही शे रुपयांत मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर या कामाला पुरतो. २० व्होल्ट डीसीवर ठेवा.

इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी: बॅटरीवर १२.६ च्या आसपास हवेत. १२.२ म्हणजे चार्जिंग निम्म्यावर आलंय. इंजिन सुरू करून रेस थोडी धरा, दिवे आणि एसीचा ब्लोअर लावा: १३.५ ते १४.४ हवेत. १३ च्या खाली असेल तर पट्टा ढिला आहे, अल्टरनेटरचे कार्बन झिजलेत किंवा रेग्युलेटर गेलाय. उलट १५ च्या वर जात असेल तर बल्ब वारंवार उडण्याचं कारण सापडलं. पावसात ट्रॅफिकमध्ये वायपर, ब्लोअर आणि दिवे एकदम चालू असताना आयडलिंगला उजेड थोडा उतरणं जुन्या गाडीत स्वाभाविक आहे, त्यासाठी अल्टरनेटर बदलायला धावू नका.

यानंतरचं मोजमाप सगळ्यात महत्त्वाचं. बल्ब होल्डरमध्ये लावलेला आणि पेटलेला असतानाच होल्डरच्या मागून दोन पिनांमध्ये मीटरच्या सुया टेकवा. बल्ब काढून मोजलंत तर सडक्या वायरवरही पूर्ण १२ दिसतील, कारण करंट वाहत नसला की व्होल्टेज पडतच नाही. बऱ्याच गॅरेजमध्ये टेस्ट लॅम्प पेटला म्हणून वायरिंग ठीक ठरवतात, ते इथेच फसतात.

समजा इंजिन सुरू असताना बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर ११.६ आले. फरक २.२ व्होल्टचाच, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात उतरतो. म्हणजे मिळणारा उजेड जेमतेम ५५ टक्के. अर्ध्या व्होल्टपर्यंतची घट चालते, त्यापुढे ती शोधायलाच हवी.

अर्थिंग

दिवा पेटलेला ठेवून एक सुई बल्बच्या अर्थ पिनेवर आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हवर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थ खराब. पण सावध: काही जपानी पद्धतीच्या वायरिंगमध्ये सामाईक (दोन्ही फिलामेंटना जोडलेल्या) पिनेवर पॉझिटिव्ह असतो आणि स्विच अर्थच्या बाजूला. तिथे मीटर १२ व्होल्ट दाखवेल. अशा पिनेला अर्थ समजून वायर जोडलीत तर थेट शॉर्ट.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढा. हेडलाइटच्या मागे बॉडीला १० नंबरच्या बोल्टने कसलेली काळी वायर शोधा. बोल्ट काढून रिंग टर्मिनल आणि खालचा पत्रा १२० नंबरच्या पेपरने चकचकीत करा, स्टार वॉशर घालून कसा, वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन फासा. नुसतं ग्रीस चोपडून उपयोग नाही, खालचा गंज तसाच राहतो. बॅटरी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी साय गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. हे सगळं मे महिन्यात उरकलं तर पावसाळा निभतो.

रिले

अर्थ ठीक असूनही घट राहिली तर ती पॉझिटिव्हच्या बाजूला आहे. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही बल्बचा मिळून नऊ-दहा अँपिअर करंट स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमधून जातो. स्विचचे पॉइंट जळत जातात. उपाय म्हणजे दोन रिलेचा (थोड्या करंटने चालणारा, मोठा करंट जोडणारा स्विच) तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा संच: एक लो, एक हाय. बॅटरीपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज, तिथून २.५ स्क्वेअर एमएम वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ वरून बल्बला. जुन्या होल्डरमधला करंट फक्त ८५-८६ वरची कॉइल ओढायला वापरायचा. रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही.

काच

जुन्या काळच्या खऱ्या काचेच्या हेडलाइटला पिवळेपणा येत नाही, तिथे आतला रिफ्लेक्टर काळवंडतो. तो कापडाने पुसू नका, मुलामा निघून येतो. रिफ्लेक्टर गेला तर असेंब्लीच बदलायची.

प्लास्टिकची काच मात्र सुधारते. कडेच्या रंगाला मास्किंग टेप लावा. ८००, मग १५००, २०००, ३००० असा पॉलिश पेपर भरपूर पाण्यासोबत फिरवा, प्रत्येक नंबरला दिशा बदला. आधीच्या ओरखड्यांची एकही रेघ उरली नाही की पुढचा नंबर. शेवटी रबिंग कंपाउंड आणि लगोलग यूव्ही क्लिअर कोट. तो टाळलात तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं, कारण घासताना कंपनीचा संरक्षक थर निघालेला असतो. टूथपेस्टचा उपाय काही आठवडेच टिकतो. आणि क्लिअर कोट जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत मारू नका, पांढुरका पडतो.

शेवटी सेटिंग

टायरची हवा बरोबर करून गाडी सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर टेपने आखा. लो बीमची वरची कड त्या रेषेच्या साधारण ५ सेंटीमीटर खाली पडली पाहिजे आणि आपल्याकडे ती डावीकडे वर चढते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनी असेंब्ली आणली असेल आणि कड उजवीकडे चढत असेल, तर तो दिवा उजव्या बाजूने गाड्या चालणाऱ्या देशातला आहे. कितीही स्क्रू फिरवलेत तरी तो समोरच्याच्या डोळ्यांतच जाणार. तो परत करा.