मातीचा नमुना घेताना

माती परीक्षणाचा अहवाल नमुन्याइतकाच खरा असतो, म्हणून रंग, उतार व पोत यांनुसार शेताचे भाग पाडून प्रत्येक भागाचा नमुना वेगळा घ्यावा. बांधालगतची, झाडाखालची, पाणी साचणारी आणि शेणखताच्या ढिगाजवळची जागा टाळावी. नागमोडी चालत 10 ते 15 ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी 'व्ही' आकाराचा सुमारे 20 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा, त्यातील माती काढून टाकावी आणि मग खड्ड्याच्या कडेची दोन-तीन सेंटिमीटर जाडीची चकती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडून घ्यावी. घाईत वरचीच माती जास्त येते आणि निष्कर्ष तिथेच चुकतो. फळबागेसाठी मात्र खोलीनुसार थरांचे नमुने स्वतंत्र ठेवावेत.

एका भागातील सर्व ठिकाणची माती स्वच्छ कापडावर मिसळून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करीत राहावे. ओली माती सावलीतच वाळवावी. सूक्ष्म अन्नद्रव्ये, म्हणजे जस्त, लोह यांसारखी पिकाला अगदी थोडी लागणारी द्रव्ये, तपासायची असल्यास गंजलेली किंवा जस्ताचा मुलामा असलेली अवजारे वापरू नयेत, आणि खताची रिकामी पिशवी तर नमुन्यासाठी कधीच घेऊ नये.