रत्नागिरीत एकट्याने पहिला दिवस कसा घालवावा

रत्नागिरीला जाणारे बहुतेक प्रवासी स्टेशनवर उतरून थेट गणपतीपुळ्याची गाडी पकडतात आणि परतीच्या वाटेवर शहराला दोन तास देतात. एकट्याने प्रवास करणाऱ्याने हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. पहिला पूर्ण दिवस शहराला द्यावा आणि पुळे, आरे-वारे, पावस वगैरे दुसऱ्या दिवसापासून पाहावे. सोबतीला कोणी नसताना अनोळखी गावात आधी पाय स्थिर व्हावे लागतात. रिक्षा कुठे मिळते, जेवण कुठे चांगले, अंधार पडल्यावर कोणता रस्ता जागा असतो हे एकदा कळले की पुढचे दिवस सोपे जातात.

शहराची ठेवण आधी समजून घ्यावी. रत्नागिरी उतारावर वसलेली आहे. रेल्वे स्टेशन, कुवारबाव आणि मारुती मंदिर हा भाग वर जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर आहे. तिथून रस्ता माळनाका, जेल नाका, जयस्तंभ असा उतरत एसटी स्टँड आणि बाजारपेठेकडे येतो आणि शेवटी मांडवीला समुद्राशी संपतो. म्हणून दिवसाची आखणी वरून खाली करावी: सकाळी वरच्या भागातली ठिकाणे, दुपारी बाजारपेठ, संध्याकाळी किनारा. उतरताना पायी चालावे आणि चढताना रिक्षा करावी. कोकणातल्या दमट उन्हात याच्या उलट केल्यास दुपारपर्यंत माणूस थकून जातो.

पोहोचणे

मुंबईहून येत असाल तर रात्रीची कोकणकन्या सोयीची आहे, कारण ती पहाटे रत्नागिरीला पोहोचते आणि दिवस पूर्ण हाती येतो. अडचण एवढीच की पहाटेच्या झोपेत स्टेशन निघून जाण्याची भीती असते. मोबाइलचा गजर लावावाच, पण कोकण रेल्वेने स्वतःचीही एक खूण ठेवली आहे. उक्शी स्टेशन गेल्यावर गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरते. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा या मार्गावरचा सर्वांत लांब बोगदा असल्याने डब्यातला आवाज बदलतो आणि बराच वेळ तसाच राहतो. तो आवाज ऐकू आला की चादर घडी करून बॅग खाली काढावी, कारण बोगद्यानंतर भोके आणि त्यापुढे रत्नागिरीच. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या सावकाश धावतात, म्हणून त्या दिवसांत वेळ पुन्हा तपासून घ्यावी.

रस्त्याने येणाऱ्यांनी तिकीट काढतानाच एक प्रश्न विचारावा: बस शहरात येणार, की महामार्गावर हातखंब्याला उतरवणार? गोव्याकडे जाणाऱ्या काही खासगी बस शहरात शिरत नाहीत, आणि हातखंबा शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे. पहाटे चार वाजता एकट्याने तिथे उभे राहण्यात काही मौज नाही. कोल्हापूरहून आंबा घाटमार्गे येणारी एसटी मात्र सरळ स्टँडवर आणून सोडते.

रेल्वे स्टेशनपासून शहर सहा-सात किलोमीटर आहे. रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. "मारुती मंदिरला किती घेणार?" असे ठिकाणाच्या नावासकट विचारावे. नुसते "शहरात जायचंय" म्हटले की आपण नवखे असल्याचे समोरच्याला लगेच कळते. उजाडल्यावर पोहोचला असाल आणि सामान हलके असेल, तर स्टेशनबाहेरच्या रस्त्यावरून एसटीची शहर बसही मिळते.

खोली

मुक्काम मारुती मंदिर ते एसटी स्टँड या पट्ट्यात घ्यावा. समुद्राजवळची खोली ऐकायला छान वाटते, पण एकट्या माणसाला रात्री जेवायला आणि सकाळी बस पकडायला गजबजलेला भागच सोयीचा पडतो.

इथे एक कटू अनुभव सांगणे भाग आहे. आगाऊ नोंदणी करूनही एका लॉजच्या काउंटरवर मला "सिंगलला देत नाही" असे सांगून परत पाठवले होते. पहाटेची वेळ, खांद्यावर बॅग आणि वर पाऊस. त्या दिवसापासून मी नोंदणीनंतर लॉजवर स्वतः फोन करते, एकटीच येणार असल्याचे स्पष्ट सांगते, पहाटे किती वाजता खोली मिळेल ते विचारते आणि फोनवर बोलणाऱ्याचे नाव लिहून ठेवते. ओळखपत्राची छायाप्रत जवळ असावी. खोली मिळाल्यावर कडी, खिडकी आणि नळाचे पाणी पाहून घ्यावे आणि मगच नोंदवहीत सही करावी. लॉजचे नाव आणि खोली क्रमांक घरच्या एका माणसाला कळवावा. त्यानंतर दोन तास झोपावे. रात्रभर गाडीत अर्धवट झोप झालेल्या माणसाने सकाळी सातला किल्ला चढायला निघू नये.

सकाळ: थिबा राजवाडा

न्याहारीला घावन आणि नारळाची चटणी मिळाली तर दुसरे काही मागू नये. दहाच्या सुमारास माळनाक्याच्या बाजूने थिबा राजवाड्याकडे निघावे. आत संग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असते, म्हणून पहिला दिवस सोमवारी येणार असेल तर हा टप्पा दुसऱ्या दिवशी ठेवावा.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून देशाबाहेर काढले, आणि १८८६ पासून तो रत्नागिरीत नजरकैदेत राहिला. हा राजवाडा १९१० च्या सुमारास त्याच्यासाठी बांधून झाला आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेत राजवाड्याचे सुख जेमतेम सहा वर्षांचे. उतरती कौलारू छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आणि तांबूस भिंती असलेली ही वास्तू बाहेरून सावकाश पाहावी. मग जवळच्या थिबा पॉइंटवर जाऊन खाली पाहावे. काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि पलीकडे समुद्र असे सगळे एका नजरेत येते. राजाही हाच समुद्र पाहत असणार, हा विचार तिथे उभे राहिल्यावर टाळता येत नाही. नवख्या प्रवाशाला या जागेचा दुसरा उपयोग असा की शहराचा नकाशा इथे प्रत्यक्ष दिसतो. संध्याकाळी कुठे जायचे आहे ते इथूनच ठरवून ठेवावे.

दुपार: बाजारपेठ आणि जेवण

तिथून उतरत टिळक आळीत यावे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी झाला ते घर इथे जतन केलेले आहे. तिथून पतितपावन मंदिरापर्यंत पायी जाता येते. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांच्या प्रेरणेने आणि भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने १९३१ मध्ये उभे राहिलेले हे मंदिर सर्व जातींच्या हिंदूंना खुले होते. दोन्ही ठिकाणांना मिळून तासभर पुरतो.

जेवणासाठी खानावळ निवडण्याची माझी रीत साधी आहे: स्टँडच्या आसपास दुपारी एकच्या सुमारास जिथे कचेरीतली माणसे जेवत असतील तिथे शिरावे. एकट्याने जेवताना संकोच वाटतो, पण थाळीच्या खानावळीत समोर अनोळखी माणूस येऊन बसणे ही नेहमीची गोष्ट आहे. मासे खाणाऱ्याने आधी "आज ताजं काय आहे?" असे विचारावे. बांगडा किंवा सौंदाळा सांगितला तर तोच घ्यावा. सुरमईचा हट्ट धरू नये. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताटात बर्फातला मासा येण्याची शक्यता मोठी. त्या दिवसांत कुळथाची पिठी आणि भात मागवावा. सोलकढी शेवटी प्यावी आणि आणखी एक वाटी मागायला लाजू नये.

हंगामात आला असाल तर बाजारात आंब्याच्या पेट्या दिसतील आणि मोह होईल. पहिल्या दिवशी पेटी घेऊ नये. ती पुढचे सगळे दिवस सांभाळत हिंडावे लागते, शिवाय भाव आणि अस्सल माल कळायला एक दिवस जावा लागतो.

संध्याकाळ: भरती-ओहोटी पाहून निघावे

किनाऱ्यावर कधी जायचे हे घड्याळापेक्षा तिथीवर ठरते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: पक्षातल्या तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी आणि रात्री तीनच्या सुमारास भरती. पूर्ण ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. या हिशेबाने अष्टमीला भरती संध्याकाळी सहाला येते आणि सूर्यास्ताला फिरायला वाळू कमी उरते. उलट पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे संध्याकाळी ओहोटी असल्याने किनारा लांबवर मोकळा होतो. मात्र त्याच दिवसांत उधाण असते आणि पाण्याची ओढ जास्त, म्हणून एकट्याने घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ नये. पोहता येते की नाही याचा इथे संबंध नाही. किनाऱ्यावर हाक ऐकणारे कोणी नाही, हा मुद्दा आहे.

चारच्या सुमारास रिक्षा करून आधी रत्नदुर्गावर जावे. परतीला वर रिक्षा सहजी मिळत नाही, म्हणून जाण्यायेण्याचे आणि तासभर थांबण्याचे मिळून भाडे ठरवावे. बालेकिल्ल्यातले भगवतीचे मंदिर पाहून तटावर यावे. किल्ल्याला तीन बाजूंनी समुद्र आहे. एकीकडे मांडवीची काळसर वाळू, दुसरीकडे मिऱ्याकडचा 'पांढरा समुद्र' नावाचा किनारा, आणि मध्ये मिरकरवाड्याच्या बंदरात ओळीने लागलेल्या होड्या दिसतात.

सूर्यास्ताआधी अर्धा तास मांडवीला उतरावे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. मांडवीला जेट्टी आहे, भेळवाले आहेत, गावातली कुटुंबे फिरायला आलेली असतात. एकट्या माणसाला पहिल्या संध्याकाळी असाच गजबजलेला किनारा बरा. भाट्याचे सुरूचे बन अधिक सुंदर आहे, पण अंधार पडताना तिथे वर्दळ ओसरते. ते दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे.

परतताना रिक्षा एसटी स्टँडवर थांबवावी आणि चौकशीच्या खिडकीवर सकाळची गणपतीपुळ्याची बस कोणत्या मार्गाने जाते ते विचारावे. आरे-वारेवरून जाणारी असेल तर ती घ्यावी आणि जाताना डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावे, कारण समुद्र त्या बाजूला आहे.