घरगुती मसाल्यांची ऑनलाइन विक्री: कोणतं काम आधी सोपवायचं

रोज दहा-बारा ऑर्डरींपर्यंत घरचा मसाल्याचा धंदा एकट्याने ओढता येतो. वीसच्या पुढे गेला की कुरिअरवाला दारात उभा आणि लेबलं छापायची बाकी, अशी गत होते. मग ज्या कामाचा सगळ्यात जास्त कंटाळा येतो ते आधी बाहेर दिलं जातं, आणि ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅपवरची उत्तरं असतं. हा क्रम उलटा आहे. झालेली चूक कुठे पकडता येते, हे पाहून काम निवडावं. पाकिटावरचं चुकीचं लेबल घरातच दिसतं. ‘हो, उद्या नक्की मिळेल’ असं कुणी परस्पर कळवलं तर ते थेट ग्राहकाच्या तक्रारीतूनच कळतं.

म्हणून सुरुवात पॅकिंगपासून. मजुरी तासावर न ठेवता पार्सलमागे ठेवलेली बरी. समजा पार्सलमागे १२ रुपये आणि रोज २० पार्सलं, तर २६ दिवसांचे ६,२४० रुपये झाले. हा आकडा दर ऑर्डरीच्या नफ्यातून सुटतो का, ते आधीच पाहा. पार्सलमागे मजुरी असली की घाई आलीच. त्यावर उपाय एकच: खोका बंद करण्याआधी आतला माल आणि ऑर्डरीची चिठ्ठी एकाच फोटोत. ‘एक पाकीट कमी आलं’ या वादात हाच फोटो कामाला येतो.

खरा पैसा गळतो तो खोक्याच्या मापात. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात. येणारा आकडा आणि प्रत्यक्ष वजन यातलं जे जास्त, त्याचं भाडं लावतात. ३० × २० × २० चा खोका म्हणजे २.४ किलो, मग आत गोडा मसाला एकच किलो का असेना. पॅकिंग करणाऱ्याला मोठा खोका सोयीचा पडतो, भाडं मात्र तुम्ही भरता. दोन-तीनच मापं ठेवा आणि कोणत्या ऑर्डरीला कोणता खोका याचा तक्ता टेबलासमोर चिकटवा. कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट एकाच खोक्यात जाणार असतील तर दोन्ही पाकिटं सीलबंद हवीत, नाहीतर मेतकुटाला लसणाचा वास लागतो. मसाला पाकिटात भरण्याचं काम मात्र स्वतःच्याच जागेत ठेवा. ते दुसऱ्याच्या घरी गेलं तर त्या जागेचीही वेगळी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरण) नोंदणी लागते, आणि हे फार जण विसरतात.

त्यानंतर ऑर्डरींची नोंद. गूगल शीटमध्ये पिनकोडच्या रकान्याला सहा आकडी आणि फोनच्या रकान्याला दहा आकडी अट घाला, किमतीचा रकाना लॉक करा. चुकीच्या पिनकोडचं पार्सल भलत्याच केंद्रावर जातं, परत येतं आणि जायचं-यायचं दोन्ही भाडं अंगावर पडतं. कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डरीला पाठवण्याआधी खात्रीचा फोन करणं, हे नोंद करणाऱ्या माणसालाच जोडून देण्यासारखं काम आहे. दोनदा फोन उचलला नाही तर पार्सल थांबवायचं, एवढा एक नियम पुरतो.

व्हॉट्सअ‍ॅप यानंतर. बिझनेस अ‍ॅप मुख्य फोनखेरीज चार उपकरणांना जोडता येतं, त्यामुळे फोन हातात देण्याची गरज नाही. पण जोडलेल्या उपकरणावर सगळे संवाद दिसतात, म्हणून धंद्याचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा हवा. तिखटपणा, टिकण्याची मुदत, घाऊक दर असल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं स्वतः लिहून ‘क्विक रिप्लाय’मध्ये भरून द्या. सवलत, पैसे परत करणं आणि ‘आजोबांना बीपी आहे, चालेल का?’ या तीन गोष्टींना मदतनीसाने उत्तर द्यायचं नाही, ते तुमच्याकडे पाठवायचं.

हिशेब आणि जीएसटी करसल्लागाराकडे देताना नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच ठेवा. सल्लागाराचा दिला तर ओटीपी त्याच्याकडे जातो आणि पुढे सल्लागार बदलणं डोकेदुखी होते. मासिक विवरण भरणाऱ्यांना जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) साठी ११ तारीख आणि जीएसटीआर-३बी (कर भरण्याचं विवरण) साठी २० तारीख असते. म्हणून विक्रीचा तपशील ५ तारखेलाच द्यावा. अ‍ॅमेझॉनसारखी ऑनलाइन बाजारपेठ विक्रीवर टीसीएस (तुमच्या नावावर सरकारकडे भरला जाणारा जीएसटी) कापते, १० जुलै २०२४ पासून हा दर ०.५ टक्के आहे. ती रक्कम जीएसटी पोर्टलवर स्वीकारल्याशिवाय तुमच्या तिथल्या खात्यात जमा होत नाही. सल्लागाराला हे दर महिन्याला विचारा. रक्कम लहान म्हणून राहून जाते.

शिकवण्यासाठी वही भरून सूचना लिहीत बसू नका. काम करताना फोनवर व्हिडिओ काढा आणि त्याखाली पाच-सहा ओळी लिहा. मग जुन्या ऑर्डरी देऊन करून घ्या; माणूस जिथे अडून विचारतो तिथे आपली सूचना अपुरी आहे.

बँकेचा ओटीपी आणि यूपीआय पिन कुणालाच नाही. बाजारपेठेच्या खात्यात मदतनीसाचा वेगळा वापरकर्ता काढून त्याला फक्त ऑर्डरींचा अधिकार द्या. तो काम सोडेल त्याच दिवशी ते लॉगिन, शीट आणि जोडलेलं व्हॉट्सअ‍ॅप काढून टाका. दिवाळीच्या फराळासाठी जादा हात हवे असतील तर माणूस गणपतीच्या आधीच घ्या. नवरात्रापासून ऑर्डरी चढू लागतात, तेव्हा शिकवायला कुणाला सवड नसते.