चार लोकांत उभं राहून बोलायचंय? आधी पहिलं मिनिट सांभाळा

‘समोर कोबीचे गड्डे बसलेत असं समजा’ हा सल्ला देणाऱ्यानं सांगली-साताऱ्याकडच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेत कधी भाषण केलेलं नसावं. समोर भावकी असते, शाळेतले गुरुजी असतात, सोसायटीचे माजी चेअरमन असतात. त्यांचा कोबी होत नाही. आरशासमोर सराव करा म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. आरशात माणूस स्वतःचे केस बघतो. त्यापेक्षा मोबाईलवर नुसता आवाज रेकॉर्ड करा आणि ऐका. सराव उभं राहून, मोठ्यानं. पाच मिनिटांच्या भाषणाला पाचशे शब्द भरपूर होतात.

भाषण पाठ करू नका. काय सांगायचंय ते एका वाक्यात लिहा, खाली तीन मुद्दे काढा, प्रत्येक मुद्द्याला आपल्याच भागातलं एक उदाहरण जोडा. पाठ करायची ती दोनच वाक्यं, पहिलं आणि शेवटचं.

पुस्तकी भाषेचा हट्टही सोडा. क्रांतिसिंह नाना पाटील आधी तलाठी होते. सभा गाजवल्या त्या गावाकडच्या बोलीत, आणि १९५७ मध्ये ते साताऱ्यातून खासदार झाले. घरी ‘तिथं’ म्हणणाऱ्यानं माइकसमोर ‘त्याठिकाणी’ कशाला म्हणायचं?

आता खरा अवघड भाग. सूत्रसंचालक तुमचं नाव पुकारतो, तिथपासून तुमचं पहिलं वाक्य पूर्ण होईपर्यंतचा. माझा आवाज बरीच वर्षं नेमका इथंच चिरकायचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नाव पुकारलं की शरीरात ॲड्रेनालिन उसळतं. छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, तोंड कोरडं पडतं. ‘घाबरू नका’ म्हटल्यानं यातलं काहीही थांबत नाही. ‘खोल श्वास घ्या’ हा सल्ला अर्धाच आहे, कारण भराभर हवा ओढली तर उलट गरगरतं. काम करतो तो सोडलेला श्वास. आधीचा वक्ता आभाराकडे वळला की खुर्चीतच सुरू करा: मनात चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असं पाचेक वेळा. श्वास लांबवून सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. कोमट पाण्याचा एक घोट घ्या आणि उठा.

माइकवर टकटक नको, ‘हॅलो हॅलो’ नको. तो हनुवटीच्या उंचीवर आणा, चार बोटं अंतर ठेवा आणि किंचित तिरका धरा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ स्पीकरमधून फुटत नाहीत. हातात घेतलात तर जाळीवर मूठ आवळू नका, माइक शिट्टी मारतो. ओरडायचंही कारण नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत नाटक केलं तेव्हा नटांना घसा ताणावा लागला असेल; तुमच्यासाठी मंडपवाल्यानं दोन बॉक्स लावलेत.

दोन्ही पाय जमिनीवर घट्ट. तिसऱ्या-चौथ्या रांगेतला एक ओळखीचा, बऱ्यापैकी हसरा चेहरा शोधा. मनात दोन अंक मोजा आणि मगच तोंड उघडा. ही शांतता तुम्हाला फार लांबलचक वाटेल. खाली बसलेल्यांना ती जाणवतही नाही. बहुतेक जण हीच भरून काढायला धावतात आणि तिथंच दम लागतो.

मग येते मान्यवरांची यादी. आपल्याकडे या यादीनं जितके वक्ते गारद केलेत तितके दुसऱ्या कशानं नसतील. मान खाली घालून चिठ्ठीतली बारा नावं वाचायची, आणि डोकं वर काढावं तर मंडप गप्पांत रंगलेला. माझं मत स्पष्ट आहे: अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे एवढीच नावं घ्या, तीही पाठ करून, बाकी ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’. सगळ्यांची नावं प्रास्ताविकात येऊन गेलेली असतात. तरी कुणी रुसेल अशी धास्ती असेल, तर सूत्रसंचालकाकडून यादी आधीच घ्या, मोठ्या अक्षरांत लिहा, आणि आजी कोण, माजी कोण हे दोनदा विचारा. मग एकेक नाव सावकाश, त्या माणसाकडे बघून. प्रत्येक नावानंतर थांबायला मिळतं, म्हणजे श्वास घ्यायची फुकटची जागा. यादी अशी वापरली तर तीच तुम्हाला सावरते.

यानंतर ‘मी काही वक्ता नाही’ म्हणालात तर आतापर्यंतचं सगळं पाण्यात. थेट मुद्द्याचं वाक्य टाका: ‘आपल्या टाकीत पाणी आहे, नळाला नाही.’ आणि थांबा.

इथवर आलात की पुढचं सोपं आहे. मध्येच काही आठवेना, तर चिठ्ठी उघड बघा आणि पुढचा मुद्दा घ्या. शेवटचं पाठ वाक्य बोला, धन्यवाद म्हणा, बसा. ‘जाता जाता एकच सांगतो’ हे पंगतीची वाट बघणाऱ्यांना सांगू नये.

हे सगळं सत्काराच्या मोठ्या कार्यक्रमात पहिल्यांदा करून बघू नका. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना सहसा ग्रामसभा असते. तिथं ना हार, ना मान्यवरांची यादी. उभं राहा, नाव सांगा, वाडी सांगा, रस्त्याचा नाहीतर गटाराचा एक प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.