चाचे तिकीट काढून चढतात तेव्हा: दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरची आगबोट कशी राखली जाई

१९२० च्या दशकात दक्षिण चीनच्या समुद्रातले चाचे आगबोटीवर रीतसर तिकीट काढून चढत. बोट बंदराबाहेर गेली की पिस्तुलं निघत, ब्रिज (जिथून बोट हाकली जाते तो वरचा मजला) आणि इंजिनरूम एकाच वेळी ताब्यात घेतली जाई आणि बोट हाँगकाँगच्या ईशान्येकडच्या बायस बे या आखाताकडे वळे. मकावहून हाँगकाँगला निघालेली ‘सुई आन’ बोट १९२२ मध्ये अशीच चाच्यांच्या हाती गेली. बाहेर रोखलेल्या तोफेचा इथे उपयोग नाही. किल्ला बोटीच्या आतच बांधावा लागतो.

त्यासाठी प्रवाशांचा डेक आणि ब्रिज यांच्यामध्ये जाड लोखंडी गजांची जाळी आडवी घालायची. अधिकाऱ्यांच्या खोल्या, हत्यारांचं कपाट आणि बिनतारी यंत्र जाळीच्या आत हवं. गज कठड्यापाशी थांबवू नका. ते बोटीच्या अंगाबाहेर काढा, नाहीतर माणूस कठडा धरून बाहेरून वळसा घालतो. इंजिनरूम बहुतेक वेळा विसरली जाते. तिची दारंच नव्हे, उजेडासाठी ठेवलेली छताची तावदानंही गजांनी बंद हवीत. इंजिन चाच्यांच्या हाती गेलं, तर ब्रिजवरचं सुकाणू निरुपयोगी ठरतं.

जाळी तुटण्यापेक्षा उघडी सापडण्याचा धोका मोठा. उकाडा असतो, स्वयंपाकघर पलीकडे असतं, चहाचा ट्रे घेऊन नोकर ये-जा करतो आणि दार लोटलेलंच राहतं. म्हणून किल्ली आतल्या अधिकाऱ्याकडेच, आणि पलीकडे कोण उभं आहे ते पाहिल्याशिवाय दार उघडायचं नाही. जेवणाच्या वेळी हे दुप्पट काटेकोरपणे पाळायचं.

पहारेकरी (यात शीख बरेच असत) जाळीच्या आतच ठेवा. प्रवाशांच्या गर्दीत एकटा उभा केलेला पहारेकरी म्हणजे चाच्यांना आयती मिळालेली रायफल. झडती धक्क्यावरच, चढण्याआधी घ्यायची: वळकट्या, टोपल्या, आणि खलाशांचं सामानही. बायकांच्या झडतीला बाई नेमा. तिजोरीत रोकड किती आहे, ही बातमी कचेरीबाहेर जाऊ देऊ नका. चाच्यांची निवड त्यावरच ठरते.

जाळीने एक प्रश्न सुटत नाही: आग. १९१४ मध्ये ‘ताई ऑन’ बोटीवर अधिकाऱ्यांनी दाद दिली नाही, तेव्हा चाच्यांनी बोट पेटवली आणि शेकडो प्रवासी मेले. त्यामुळे पाण्याचे पाइप आणि त्यांचे नळ जाळीच्या आतूनही चालले पाहिजेत.

१९२६ च्या नोव्हेंबरात ‘सनिंग’ बोटीच्या अधिकाऱ्यांनी चाच्यांच्या हाती गेलेला ब्रिज परत जिंकला. चाच्यांनी खालून आग लावली. अधिकाऱ्यांनी नांगर सोडला, बोटीचं नाक वाऱ्याकडे फिरलं आणि ज्वाळा मागे, चाच्यांच्याच बाजूला गेल्या. ब्रिजवरून नांगर सोडता येतो का, हे निघण्याआधी तपासा.